सातव्या धड्यातला खोकला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला स्पॅनिश येत नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण एकतीस वर्षं मी एका विद्यापीठात स्पॅनिश शिकवत होतो. शिकवणाऱ्याला विषय यायलाच हवा असा नियम तेव्हा नव्हता. आता आहे की नाही, मला कल्पना नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्याबरोबर माझ्यासारखेच चारशे भाऊ जन्मले. त्यांतले बरेचसे लग्नाच्या हॉलमध्ये गेले, काही पोलीस ठाण्यात लागले, एक जण म्हणे पोपटाला बोलायला शिकवायला गेला. मला विद्यापीठ मिळालं. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘भा. प्र. ४’ असं लिहिलं, म्हणजे भाषा प्रयोगशाळा, नग चौथा. पहिल्या तीन नगांचं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

भाषा प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. आधी ती दगडांची खोली होती, म्हणजे भूगर्भशास्त्राचे नमुने तिथे ठेवत. दगडांचं एक कपाट कुणी हलवलंच नाही, त्यामुळे माझे विद्यार्थी दोन वर्षं ग्रॅनाइटकडे बघत क्रियापदं पाठ करायचे. प्रत्येक बाकावर प्लायवूडचा आडोसा आणि एकेक हेडफोन. हेडफोनचा स्पंज झडायचा. तास संपला की मुलं कानात काळा भुगा घेऊन घरी जायची. ‘काय शिकलास?’ असं घरच्यांनी विचारलं तर दाखवायला काहीतरी असायचं.

स्पॅनिश हा आमच्याकडे दुय्यम विषय. मुख्य विषय पोटासाठी असतो आणि दुय्यम विषय फॉर्मवरची रिकामी जागा भरण्यासाठी, असं सगळे मानत. पण मित्रांनो, मी एक पाहिलं. मुख्य विषयाच्या तासाला मुलं घड्याळाकडे बघत आणि माझ्या तासाला खिडकीबाहेर. खिडकीबाहेर बघणारा माणूस निदान कुठेतरी पोहोचलेला असतो.

माझी देखभाल प्रयोगशाळेतले काका करायचे. दर शनिवारी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ते माझं हेड पुसायचे आणि म्हणायचे, “म्हाताऱ्या, तुझं डोकं साफ आहे, एवढं या इमारतीत कुणाचंच नाही.” मी तेव्हा चार वर्षांचा होतो. पण कौतुक होतं, म्हणून वयाचं मनावर घेतलं नाही.

काका निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायचं राहून गेलं. माझ्या आत रबराचा एक बारीक पट्टा असतो. मोटर फिरते, पट्टा फिरतो, कॅसेट फिरते. तो पट्टा हळूहळू सैल पडला. पट्टा सैल झाला की कॅसेट सावकाश फिरते, आवाज लांबतो आणि जाड होतो. पण हे एका दिवसात झालं नाही, वर्षाला केसभर झालं. प्रत्येक तुकडीने मला जसं ऐकलं, तसंच ते खरं मानलं.

सातव्या धड्यात एक गृहस्थ दुपारी एका बाईंच्या घरी जातात. दार उघडतं. गृहस्थ म्हणतात, “बुएनास तार्देस,” मग खोकतात, मग म्हणतात, “सेन्योरा.” शुभ दुपार, बाई. ध्वनिमुद्रण करताना त्या माणसाला ठसका लागला होता, एवढंच. पण पुस्तकात ठसका छापलेला नव्हता आणि कॅसेटवर होता. तेव्हा ही तिकडची रीत असणार, असं पहिल्या तुकडीने ठरवलं आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांनी ती पाळली. वाक्य म्हणायचं, खोकायचं, मान लववायची. मान लववणं मुलांनी आपल्या मनाने घातलं होतं.

पुढे माझा पट्टा इतका सैलावला की धड्यातल्या बाईंचा आवाज फुटला. धाकट्या तुकड्यांना वाटायचं की दोन काका बोलतायत. त्यांतला एक दुसऱ्याला ‘सेन्योरा’ म्हणतो, याचं कुणालाच काही वाटत नसे. परदेश म्हटलं की माणूस बरंच काही सोडून देतो.

त्या धड्याचं शेवटचं वाक्य मात्र मी खाल्लं होतं. एका उन्हाळ्यात टेप अडकली, चुरगळली, आणि तेवढाच तुकडा गेला. गृहस्थ म्हणतात, “निघतो, उशीर झाला,” आणि बाई म्हणतात, “नो आय प्रिसा.” घाई काही नाही. माझ्यातून गृहस्थांचं ऐकू यायचं, मग खर्रर्र, मग खट्. बटण वर. आणि सगळा वर्ग एका सुरात ते हरवलेलं वाक्य पुस्तकात बघून म्हणायचा: “नोओ आऽय प्रिऽसा.” माझ्यामुळे गेलेलं वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. मला बरं वाटायचं, आणि वाईटही.

शिकवणाऱ्या बाईंच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं तुम्ही विचाराल. बाई माझ्याच विद्यार्थिनी. नवव्या तुकडीतल्या. वर्गात शिरताना त्याही आधी खोकत.

आता पानाबद्दल सांगतो. पाना म्हणजे झाडाचं पान नव्हे, नटबोल्ट आवळायचा पाना. ती यंत्र अभियांत्रिकीला होती आणि दप्तरात सतत एक पाना बाळगायची, म्हणून वर्गाने तिचं नाव पाना ठेवलं. बाकीच्या चौघांनी स्पॅनिश घेतलं, कारण त्या वेळेला कॅन्टीन बंद असायचं. पानाने घेतलं वहिनीसाठी.

तिचा दादा जहाजावर इंजिनावर होता. त्याने समुद्रापलीकडच्या एका बंदरगावात लग्न केलं. वहिनीला स्पॅनिशच येत होतं आणि पानाच्या आईला ते सोडून सगळं. म्हणजे तिला स्वयंपाक, हिशेब, माणसं सगळं समजायचं, एक स्पॅनिश सोडून. दर रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. आई हसायची, वहिनी हसायची, मग फोन बंद.

“दोन वर्षं झाली,” आई म्हणायची, “नुसती हसते. माणूस इतकं हसतो तेव्हा मनात काहीतरी वेगळं असतं.”

“तूही हसतेसच की, आई.”

“माझ्या मनात आहेच वेगळं.”

हे पानाने मला सांगितलं. दोन तासांच्या मधल्या वेळेत ती माझ्याशी बोलायची. तिला एकच हवं होतं. वहिनी येईल तेव्हा त्या दोघींना न हसता बोलता यावं. त्यासाठी ती सातवा धडा शंभर वेळा ऐकायची. अकरावा धडा तर तिचा लाडका. तो तिकडच्या घरांबद्दल होता. तिकडची माणसं जेवण झाल्यावर लगेच उठत नाहीत, टेबलाशीच गप्पा मारत बसतात, त्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. आणि प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं. हे बाईंनी आपल्या भाषेत समजावलं, म्हणून मलाही कळलं.

मग तोंडी परीक्षा आली. परीक्षक बाहेरचे होते, त्या भाषेच्या देशांत अकरा वर्षं राहिलेले. मी टेबलाच्या कोपऱ्यात होतो. पहिला विद्यार्थी आला, जाड आवाजात, शोकसभेच्या वेगाने “बुऽएऽनास ताऽर्देस” म्हणाला, खोकला, मान लववली. परीक्षकांनी त्याला पाणी दिलं. दुसरा खोकला. त्यांनी खिडकी उघडली. तिसरा खोकला. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. चौथ्यानंतर ते बाईंकडे वळले.

“बाई, इथे काही साथ आहे का?”

“नाही सर. अभ्यासक्रमात आहे.”

“खोकला?”

“सातवा धडा, सर.”

परीक्षकांनी माझं बटण दाबलं. पूर्ण धडा ऐकला. मग हळूच म्हणाले, “हा जो दुसरा माणूस बोलतोय ना, ती बाई आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कपाटातले दगडसुद्धा माझ्याकडेच बघतायत असं वाटलं.

मग परीक्षक हसू लागले. दुष्टपणाने नव्हे, माणसाला आवरतच नाही तसे. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. नेमकी तेव्हाच पाना आत आली, कारण तिचा पाचवा नंबर होता. तिने वाक्य म्हटलं, खोकली, मान लववली आणि समोर एक मोठा माणूस रडेपर्यंत हसताना पाहिला. तिच्या गुणपत्रिकेवर शेरा आला, ‘उच्चार स्वच्छ. वेग फार कमी. खोकला अनावश्यक. महिन्याने पुन्हा बोलवावे.’

माझ्याबद्दलही शेरा होता, ‘यंत्र मोडीत काढावे.’

बाईंनी यादीत माझं नाव लिहिलं. एकवीस वर्षं त्या बोलत होत्या ती भाषा नेमकी कुठली, हा विचार त्या करत असाव्यात. पाना म्हणाली, “बाई, मी नेऊ का याला?”

“कशाला गं?”

“उघडून बघते. एवढ्यात भंगारात टाकायचं नाहीये. बघू.”

घरी तिने मला उताणं पाडलं, चार स्क्रू काढले आणि आत पाहिलं. पट्टा लोंबत होता. “यंत्राची विद्यार्थिनी मी,” ती म्हणाली. “दोन वर्षं याच्यासमोर बसले आणि एकदाही याला उघडून पाहिलं नाही.” मग तिने चारही स्क्रू जागच्या जागी लावले, मला जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं आणि यापुढे स्पॅनिशचा शब्द काढणार नाही, असं आईला सांगितलं.

“अगं, पण बुधवारी ते येतायत!”

“दादा आहे ना.”

दादा नव्हता. त्याच्या जहाजाला ऐनवेळी दुसऱ्या बंदरात थांबावं लागलं, फोनही लागेना. बुधवारी दारात वहिनी उभी राहिली आणि तिच्यामागे तिचे वडील. नव्वदीकडे झुकलेले, ताठ, हातात टोपी, कानाला जरा कमी. वहिनी हसली. आई हसली. पाना “मला अभ्यास आहे” असं म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, कपाटावरून मी पुढचे चार दिवस जे पाहिलं, ते पाहण्याची पाळी कुठल्याही यंत्रावर येऊ नये.

आईने व्याह्यांना वाढलं. व्याही जेवले. मग आई वाट बघत उभी राहिली. आमच्या घरात जेवण झालं की माणूस उठतो, हात धुतो. व्याही उठले नाहीत. हात टेबलावर ठेवून, प्रसन्न चेहऱ्याने बसून राहिले. आई मनात म्हणाली, पोट भरलं नाही वाटतं. तिने आणखी वाढलं. व्याह्यांनी क्षणभर ताटाकडे पाहिलं आणि खाल्लं. यजमानीणबाईंचा मान राखायला नको? खाऊन झाल्यावर ते पुन्हा बसून राहिले. आईने पुन्हा वाढलं.

वहिनीने फोन पुढे केला. फोनमधली भाषांतर करणारी बाई आईला म्हणाली, “बाबांना आता पुरे.”

“असं सगळेच म्हणतात,” आई फोनला म्हणाली आणि चमचाभर जास्त वाढलं. फोनने त्याचं काय केलं कोण जाणे, पण तो इतका भरभर आणि इतका बारीक बोलला की व्याह्यांनी कानाला हात लावला आणि त्याच्याकडे पाठ केली.

मला सगळं कळत होतं. अकरावा धडा माझ्या पोटात होता. पण माझं नशीब असं की कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड नाही.

शनिवारपर्यंत व्याह्यांचा रंग उतरला. वहिनीचं हसू आता रडण्याच्या इतकं जवळ गेलं होतं की मधून सुईसुद्धा गेली नसती. रविवारी दुपारी ती बॅगा भरायला लागली. सोमवारच्या विमानाचं बघत होती. आई आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, “चार दिवस राबतेय गं मी. यांचं पोटच भरत नाही. आणि ती बघ, बॅग भरतेय. मी काय कमी केलं? विचार ना तिला. दोन वर्षं शिकलीस ना?”

“मला येत नाही ते,” पाना आतून म्हणाली. “मी बोलले की माणसं हसतात.”

“हसू देत की! गेली दोन वर्षं या घरात हसण्याशिवाय दुसरं काय चाललंय?”

दार उघडलं नाही.

टेबलाशी व्याही एकटेच बसले होते. समोर पाचव्यांदा वाढलेलं ताट. ते इकडेतिकडे पाहत होते, सुटकेचा मार्ग शोधणारा माणूस बघतो तसे. त्यांची नजर माझ्यावर पडली. उठले. त्यांच्या वयाच्या माणसाला माझ्यासारख्याची ओळख असते. त्यांनी बरोबर ते बटण दाबलं.

“बुऽएऽनास ताऽर्देस,” मी म्हणालो. आणि खोकलो. “सेऽन्योरा.”

व्याही थबकले. त्यांनी दुसऱ्या कानाने ऐकलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी एकतीस वर्षांत कुणाचा तसा पाहिला नव्हता. लेक त्यांच्याशी ओरडून बोलायची, फोन भरभर बोलायचा, आणि इथे कुणीतरी, किती दिवसांनी, त्यांच्या कानाला झेपेल असं सावकाश, जाड आवाजात, एकेक शब्द हातात ठेवल्यासारखं बोलत होतं. धड्यात विद्यार्थ्याने उत्तर द्यावं म्हणून मध्येमध्ये जागा सोडलेली असते. व्याह्यांनी त्या जागेत उत्तर दिलं. आणि उत्तराआधी, अगदी अदबीने, खोकले.

मी विचारलं, कसे आहात. ते काहीतरी लांबलचक बोलले. पोटावर हात ठेवून बोलले, त्यावरून अंदाज आला. मी म्हणालो, बसा. ते बसले. मी म्हणालो, हवा छान आहे. ते इतके हसले की वहिनी बॅग सोडून बाहेर आली. आई स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी राहिली.

आणि मग धड्यातले गृहस्थ म्हणाले, निघतो, उशीर झाला. खर्रर्र. खट्. बटण वर.

व्याही पुढे वाकून थांबले. एवढा वेळ बोलणारा मध्येच असा कसा गप्प झाला, ते त्यांना कळेना. त्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केली. मित्रांनो, ते वाक्य मी खाल्लं होतं. मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

“नोओ,” दारातून आवाज आला, जाड, सावकाश, शोकसभेच्या वेगाने. “नोओ आऽय प्रिऽसा.”

व्याही वळले. हसले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची मागे ओढली.

पाना बसली आणि बोलू लागली. एका वाक्याला तिला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात एखाद्याने दाढी केली असती. पण व्याह्यांना एकेक शब्द कळत होता, कारण ते मान हलवत होते. तिने ताटाकडे बोट दाखवून काही सांगितलं. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. युद्ध संपल्याची बातमी आल्यावर सैनिक बंदूक खाली ठेवतो, तसा.

“काय म्हणतायत?” आईने विचारलं.

“बुधवारी पहिल्याच वाढपाला पोट भरलं म्हणतायत.”

“मग उठले का नाहीत?”

“त्यांच्याकडे जेवल्यावर उठत नाहीत, आई. बसून बोलतात. उठलं की यजमानांना वाईट वाटतं. तुला वाईट वाटू नये म्हणून बसत होते.”

“आणि मी वाढत होते?”

“आणि ते खात होते.”

आईने मनात गणित केलं. “चार दिवस?”

“दोन्ही वेळा.”

आईने डाव कपाटावर, माझ्याशेजारी ठेवला. पदराला हात पुसले. आणि त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. जेवण संपल्यावर, भांडी तशीच ठेवून, ती खुर्चीवर बसली.

संध्याकाळपर्यंत ती चौघं तिथेच होती. व्याह्यांनी विचारलं, तुमचं आडनाव काय. आईने सांगितलं. ते तर जावयाचं, ते म्हणाले, तुमचं काय. पाना अडखळली, मग तिने आईला विचारलं. आईने माहेरचं आडनाव सांगितलं. पुन्हा म्हणून दाखवलं, कारण तो शब्द बऱ्याच वर्षांत तोंडात आला नव्हता. व्याह्यांनी खिशातून वही काढून तो आपल्या लिपीत लिहिला, जावयाच्या नावापुढे, दुसरं आडनाव म्हणून. दोन वर्षं मी त्याला अर्ध्याच नावाने हाक मारत होतो, असं ते म्हणाले.

आई वहीकडे बघत राहिली. वहिनी तिच्याशेजारी बसली होती. न हसता. अगदी घरातल्यासारखी.

बॅगा रिकाम्या झाल्या. पुढच्या आठवड्यात दादा आला, तेव्हा बायको, सासरे, आई आणि बहीण जेवून दोन तास झाले तरी टेबलाशीच बसलेली पाहून त्याला वाटलं, आपण चुकून सासरीच उतरलो.

पानाने मला नवा पट्टा बसवला. पहिल्या दिवशी सातवा धडा लावला तर दोन चिमण्या भांडल्यासारखा आवाज आला आणि तिला एक शब्द कळला नाही. मग सवय झाली. महिन्याने ती पुन्हा परीक्षेला बसली, उत्तीर्ण झाली, आणि बाहेर पडताना परीक्षकांकडे वळून एकदा खोकली, हे परत गेलेल्या वहिनीने फोनवर आईला सांगितलं तेव्हा मला कळलं. होय, वहिनीने. अर्धं स्पॅनिशमध्ये, अर्धं हातवाऱ्यांनी.

बाई नव्या पट्ट्याचा सातवा धडा ऐकायला एकदा घरी आल्या. डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, “बाईंचा आवाज गोड होता गं.”

जुना पट्टा पानाने फेकला नाही. माझ्या बॅटरीच्या खणात गुंडाळून ठेवला आहे. व्याह्यांना फोनवर धडा ऐकवायचा असेल, त्या दिवशी ती नवा काढते आणि जुना घालते.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात असेल तर शनिवारी कापसाने त्याचं डोकं पुसत जा. त्याच्यावर अगदी आंधळा विश्वास टाकू नका, कधीतरी उघडून बघा. पण आत सैल पट्टा सापडला, तर लगेच मोडीत काढू नका. त्या वेगाने ऐकणारंही कुणीतरी असतं.

आता दुपार झाली. आई जेवली आहे, उठलेली नाही. ती माझं बटण दाबेल. मी शुभ दुपार म्हणेन. खोकला मात्र आता ती माझ्या आधीच खोकते.